तिसरी उशी

मी उशी बोलतेय. हसू नका. ज्यांच्या कानाला कान लावून मी जन्मभर पडून राहिले, त्यांनी तरी माझ्या बोलण्याला हसू नये. माणसं मला कुशीत घेतात, माझ्यावर बुक्के मारतात, माझ्यात तोंड खुपसून रडतात आणि उठल्यावर दोन थापट्या मारून मला भिंतीकडे ढकलतात. माझी तक्रार नाही. ऐकून घेणं हाच आमचा धंदा. पण आयुष्यात एकदा तरी आपलं म्हणणं कुणाला सांगावं, असं उशीलाही वाटतं.

माझा जन्म शिलाई मशीनवर झाला. आई लोकांचे कपडे शिवायची. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली तिचं पायमशीन, त्याला लागून लोखंडी खाट, आत स्वयंपाकघर, एवढंच घर. कुणी पॅन्ट आखूड करायला यायचं, कुणी चेन बदलायला, तर कुणी पोट सुटलंय हे कबूल न करता ‘कापड आटलं हो’ म्हणत शिवण उसवून घ्यायला. एका गिऱ्हाइकाने पडदे शिवून उरलेलं निळं कापड नको म्हणून तिथेच टाकलं होतं. त्याची आईने खोळ शिवली, फाटक्या गादीतला कापूस हाताने पिंजून पिंजून मोकळा केला आणि माझ्यात ठासून भरला. तोंड शिवताना ती शेजारच्या काकूंना म्हणाली, “आमच्या बाईसाहेबांना आता स्वतःची वेगळी उशी हवी झालीय. पोरगी मोठी झाली हो!”

बाईसाहेब म्हणजे तिची एकुलती एक लेक. तेव्हा तिचे पुढचे दात पडलेले होते. मला शिवलं आईने, म्हणून मी तिला आईच म्हणते, आणि लेक माझ्याआधी जन्मलेली म्हणून तिला ताई. नातं कसं, सरळ असावं.

घरात माझ्याआधीच्या दोघी होत्या. एक आईची, चपटी आणि कडक. दुसरी बाबांची. बाबा माझ्या जन्माआधीच गेले होते, पण त्यांची उशी खाटेवर कायम होती. आई तिचा अभ्रा नेमाने धुवायची, उन्हात टाकायची, पुन्हा घालायची, पण तिच्यावर डोकं कधी ठेवायची नाही. मी तिसरी. तिसऱ्याला घरात मान कमीच. ताई मला लाथेने खाली ढकलायची, मैत्रिणींशी भांडली की मला चोपायची आणि मग मलाच घट्ट धरून झोपायची. मी सुखात होते.

ताई मोठी झाली आणि नर्सिंगच्या शाळेत गेली. त्या दिवसापासून आई तिला ‘नर्सबाई’ म्हणायला लागली. गिऱ्हाइकाच्या कमरेला टेप लावता लावता सांगायची, “थांबा जरा, आमची नर्सबाई येईल आता, तिला तुमची खोकल्याची उबळ दाखवू.” गिऱ्हाईक घाबरून खोकला गिळून टाकायचं.

नर्सबाईंचं बाकी सगळं छान चाललं होतं. इंजेक्शन, पट्ट्या, चादरीचे कोपरे दुमडणं, यात हात धरणारं कुणी नव्हतं. घोडं अडलं ते ‘आरोग्य आणि आजार’ या विषयात. तिथे प्रत्येक आजाराची लक्षणं लक्षात ठेवावी लागतात, आणि ताईचं सगळं पाठांतर. घोकलेल्या दोन याद्या एकमेकींत मिसळल्या की संपलं. पहिल्या वेळी ती काविळीच्या प्रश्नाला हिवतापाचं उत्तर लिहून आली. नापास झाली. आता पुन्हा बसायची मुभा होती, पण या खेपेला राहिली तर सगळं वर्ष पुन्हा.

तेव्हापासून आमच्या घराची शाळा झाली. ताई तोंडाने घोकत खोलीभर येरझाऱ्या घालायची. भाजी चिरताना घोकायची, केस विंचरताना घोकायची. मशीनची खडखड आणि ताईची बडबड एका सुरात चालायची.

त्याच सुमारास एके दिवशी आईने बाबांची उशी आपल्या उशीवर ठेवली आणि तिच्यावर डोकं टेकलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. ताईने पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती आईजवळ बसली आणि हळूच म्हणाली, “बाबांची आठवण येतेय का गं?”

आईने उशीचा कोपरा सारखा केला. मग म्हणाली, “येते की. न यायला काय झालं?”

ताईने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि अभ्यासाला गेली. मला मात्र वाटलं, आईने ते उत्तर आयतं मिळालं म्हणून घेतलं. तिला नुसतं उंच हवं होतं. पण का हवं होतं, ते तेव्हा तिलाही ठाऊक नव्हतं.

घरातल्या प्रत्येक दुखण्याला घरातलंच एखादं कारण सापडतं, हे माणसांचं एक बरं असतं. आईचे पाय संध्याकाळी सुजायचे. शेजारच्या काकू म्हणाल्या, “अहो, दिवसभर पाय मशीनवर. सुजतील नाहीतर काय वाळतील?” खोकला यायचा, तो कपड्यांच्या धुळीने. जिना चढताना दम लागायचा, तो वयाने. चप्पल घट्ट व्हायला लागली तेव्हा आईने कात्रीने तिचा पट्टाच कापून टाकला आणि म्हणाली, “आजकाल मापं नीट देतच नाहीत मेले.” दुसऱ्यांची मापं घेण्यात जन्म गेलेली बाई ती!

मग माझी पाळी आली. संध्याकाळची वेळ होती. आई खाटेवर जरा पडायला गेली आणि खोकत उठून बसली. ताई पुस्तक हातात घेऊन फिरत होती. तिने मला उचललं, आईच्या पाठीमागे खोचलं आणि घोकणं न थांबवता म्हणाली, “घे माझी. ऑर्थोप्निया, इडिमा, ऑर्थोप्निया, इडिमा. मला नको उशी. मी पुस्तक उशाला घेऊन झोपते, निदान काहीतरी डोक्यात शिरेल.”

दोघी हसल्या.

ते दोन शब्द मला तेव्हा कळले नाहीत. जिभेला गाठ पडावी असले परके शब्द. ऑर्थोप्निया म्हणजे आडवं झालं की दम लागणं, आणि इडिमा म्हणजे सूज. हे मला पुढे दवाखान्यात कळलं. ताईला शब्द येत होते, अगदी झोपेतून उठवलं तरी. ते म्हणत म्हणतच तिने आपल्या आईच्या पाठीशी तिसरी उशी लावली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच. पण तिला हसायचा मला अधिकार नाही. माझ्या जिवाची ताई होती ती.

अशा आम्ही तिघी एकीवर एक आलो. खाली आई स्वतः, मधे बाबा, वर ताई. सगळं कुटुंब आईच्या पाठीशी उभं होतं म्हणा ना.

परीक्षा जवळ आली तशी ताईने आईलाच मास्तरीण केलं. मशीन बंद झालं की आई आम्हाला टेकून बसायची, चष्मा लावायची आणि पुस्तकातले प्रश्न वाचायची. आईचं वाचन हळू, बोट ठेवून. पण मास्तरीण म्हणून कडक होती. ताई एखादं लक्षण विसरली तर म्हणायची, “हं, एक राहिलं. एक काज राहिलं तर बटण कुठे लावशील?” मधेच शेरेही मारायची. भूक मंदावणे, चिडचिड, अंग दुखणे असं काही वाचलं की म्हणायची, “हा आजार नाही गं, ही आपल्या काकूंची नणंद आहे.” ताई हसून हसून लोळायची. मग आई म्हणायची, “चल चल, नर्सबाई. तुझं पाठ झालं म्हणजे माझी पाठ टेकेल.”

ती चेष्टेत बोलायची. पण तिची पाठ टेकत नव्हती. रात्र रात्र ती आम्हाला रेलून बसलेली असायची. तिच्या छातीत ओल्या कापडासारखा बारीक आवाज यायचा, आणि तो फक्त आम्ही ऐकत होतो.

एका संध्याकाळी असाच अभ्यास चालला होता. आईने पान उलटलं. पुढचा आजार कमजोर झालेल्या हृदयाचा होता. वर तो लांबलचक शब्द होता, तो आईने ओलांडला आणि खालची साधी ओळ वाचायला घेतली. “रुग्णाला असे विचारावे: झोपताना तुम्हाला किती उ...”

ती थांबली.

“किती काय?” फिरता फिरता ताईने विचारलं.

आईची पाठ माझ्यावर ताठ झाली, मला स्पष्ट कळलं. ती मनातल्या मनात पुढचं वाचत होती. बोट एकेका ओळीवरून सरकत होतं. पायाची सूज, अंगठ्याने दाबल्यास खड्डा पडतो. आडवे झाल्यावर खोकला. चढताना धाप. बोट खाली जाऊन पुन्हा वर आलं.

“आई, किती काय?”

“काही नाही गं,” आई म्हणाली. “तेलाचा डाग पडलाय, अक्षर दिसत नाही. जाऊ दे. हे तर तुझं झालंय ना?”

“हृदयाचं? हो, ऑर्थोप्निया, इडिमा, ते झालंय.”

“मग सोड. पुढचं घेऊ.”

आणि तिने पान उलटलं. पानावर कसलाही डाग नव्हता.

ताई अंघोळीला गेली तेव्हा आईने बाहेरच्या दाराला कडी घातली आहे का ते पाहिलं. मग साडी पोटरीपर्यंत वर घेऊन तिने नडगीवर अंगठा दाबला. काढला. बघत राहिली. मग मला आणि बाबांच्या उशीला बाजूला काढून ती सावकाश आडवी झाली. डोळे मिटून, ओठ घट्ट धरून. थोड्याच वेळात धडपडत उठली आणि आम्हाला ओढून पुन्हा पाठीशी घेतलं. बराच वेळ ती मला धरून बसली होती. माझ्या कानाशी तोंड आणून पुटपुटली, “परीक्षा होऊ दे. तेवढी होऊ दे. मग बघू.”

मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडले असते. मला तोंड नाही. आहे ते तिनेच शिवून टाकलेलं.

त्यानंतर रोज प्रश्नोत्तरं झाली आणि रोज ते पान आलं की आईची बोटं दोन पानं मिळून उलटायची. शिवणकामातल्या माणसाची बोटं ती, ताईला कधी कळलं नाही. ताईने एकदा म्हटलंसुद्धा, “आई, तुला किती दम लागतोय. उद्या माझ्याबरोबर चल दवाखान्यात.” आई फिसकन हसली. “आधी परीक्षा दे. नापास नर्सला कोण आत घेतंय?”

परीक्षेच्या दिवशी आईने ताईच्या हातावर साखर ठेवली आणि ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत खिडकीत उभी राहिली. मग मशीनवर बसली. एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं अस्तर शिवत होती. थोडं शिवायची, थांबायची, पुन्हा पॅडलवर पाय दाबायची.

पेपर सुटायला अजून अवकाश होता, तेवढ्यात दार धाडकन उघडलं. ताई. केस सुटलेले, चप्पल पायात होती की नव्हती कोण जाणे. ती मशीनसमोर खाली बसली, पॅडलवरचा आईचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि नडगीवर अंगठा दाबला. मग अंगठा उचलला.

खड्डा तसाच राहिला. ताई त्याच्याकडे बघत राहिली.

“अगं पेपर?” आई म्हणाली. “इतक्यात कसा सुटला?”

पायावरची नजर न हलवता ताई म्हणाली, “सोपा होता. लवकर झाला.”

आईचा चेहरा खुलला. किती दिवसांनी खुलला. आणि त्या आनंदात बिचारीच्या तोंडून निसटलं, “बाई बाई! मग ते उशांचं तर नव्हतं ना आलं?”

मशीनवरचं कापड घसरून खाली पडलं. कुणी उचललं नाही.

“कुठलं उशांचं?” ताई हळू आवाजात म्हणाली. “तू मला उशांचं कधी विचारलंच नाहीस.”

आईने मान खाली घातली.

“आई, तुला माहीत होतं?”

“तुझं वर्ष गेलं असतं, बाळा.”

“आणि तू?”

“मी कुठे जातेय? इथेच तर बसलेय.”

ताईने तिच्या पायावर डोकं ठेवलं आणि जी रडली, ती जन्मात माझ्यावर तोंड ठेवून कधी तशी रडली नव्हती.

पेपरात काय आलं होतं ते ताईने पुढे काकूंना दवाखान्याच्या बाकावर बसून सांगितलं. मी तेव्हा तिच्या मांडीवर होते. आईच्या तिथल्या खाटेला हँडल होतं, ते फिरवलं की डोक्याकडची बाजू वर यायची, त्यामुळे तिथे माझं काम नव्हतं. प्रश्नात तो लांबलचक शब्द नव्हताच. लिहिलं होतं, ‘एका बाईला झोपताना तीन उशा लागतात. संध्याकाळी तिची चप्पल घट्ट होते. तिला काय झाले असावे? तुम्ही आणखी काय पाहाल?’ ताई म्हणाली, “काकू, मला नुसते परके शब्द पाठ होते, हे उशांचं नव्हतं. तरी मला एकेक सुचत गेलं. आडवं पडलं की खोकला. जिन्यात धाप. मला वाटलं, वा, आज डोकं चालतंय! आणि मी लिहिलं, चपलेचा पट्टा कापलेला असू शकतो.” तिने मला घट्ट धरलं. “हे कुठल्याही पुस्तकात नाहीये हो, काकू. ते लिहिलं आणि मग मला दिसलं मी कुणाबद्दल लिहितेय ते.”

उरलेले प्रश्न कोरेच टाकून ती उठली होती. पर्यवेक्षक मागून हाका मारत होते.

डॉक्टर चांगले होते. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “थोडं आधी आणायला हवं होतं.” माणसांच्या भाषेत याहून मऊ आणि याहून जड वाक्य मी ऐकलेलं नाही.

औषधांनी आईची सूज उतरली. ती घरी आली. आम्ही तीनच्या दोन झालो, आणि मला माझ्या रिकामपणाचा इतका आनंद कधी झाला नव्हता. निकाल लागला. ताई नापास झाली. घरी येऊन तिने आईच्या हातावर साखर ठेवली आणि म्हणाली, “पास.”

पान लपवणारी आई, निकाल लपवणारी लेक. खाण तशी माती.

मग आईने हट्टच धरला, नर्सबाईंचा पांढरा गणवेश मीच शिवणार. मशीन चालवायला मनाई होती. ती खाटेवर आम्हाला टेकून बसली आणि हाताने शिवायला लागली. मापं घेण्यासाठी तिने ताईला समोर उभं केलं. टेप खांद्यावरून, छातीवरून, मनगटावरून फिरत होता, आणि ताई श्वास रोखून उभी. आई म्हणाली, “अगं श्वास घे, नाहीतर तंग होईल.” ताईने श्वास घेतला, तो हुंदकाच निघाला. आईला वाटलं, आनंदाचा आहे.

गणवेश पुरा झाला. शेवटचं काज तेवढं राहिलं होतं. आणि आम्ही पुन्हा तीन झालो. एका सकाळी, उन्हाची तिरीप खाटेवर आली असताना, आई आम्हाला टेकून बसल्या बसल्याच गेली. हातात सुई होती. माणूस गेलं की हलकं होतं असं म्हणतात. खोटं आहे. तिचा भार माझ्यावर एकदम जड झाला, आणि ताई आतून हाका मारत बाहेर येईपर्यंत तो मी एकटीने पेलला.

ताईने ते वर्ष पुन्हा केलं. या वेळी प्रश्न विचारायला कुणी नव्हतं. ती मला समोरच्या खुर्चीवर उभी करायची आणि मलाच उत्तरं सांगायची, घोकून नाही, समजावून. पास झाली. चांगली झाली. गणवेश तोच घातला, शेवटचं काज तिने स्वतः केलं. वाकडं झालंय, पण ती ते उसवत नाही.

आता ती बायकांच्या वॉर्डात आहे. हाताखाली शिकाऊ मुली आहेत. कुणी ऑर्थोप्निया म्हणाली की ताई तिला सरळ रुग्णाच्या खाटेशी नेते आणि म्हणते, “शब्द ठेव बाजूला. मावशींना विचार, घरी उशाला किती उशा घेता? आणि मग विचार, आधी किती घ्यायचात?” हे ती घरी येऊन मला सांगते. अजून मलाच सांगते.

मी म्हातारी झालेय. कापसाच्या गाठी झाल्यात, निळा रंग उडालाय. काकू म्हणतात, टाकून दे आता, नवी आण. ताई आणत नाही. माझ्या मधोमध आईच्या पाठीचा खळगा पडलाय, म्हणून ती मला उन्हात टाकते, पण झटकत नाही. माझं एवढंच मागणं आहे तुमच्यापाशी. आज घरी गेलात की एकदा आपल्या माणसाच्या उशाशी बघा. उशा वाढल्या असतील तर का वाढल्या ते विचारा. ‘असंच’ म्हणालं, तर ऐकू नका.

संध्याकाळी ताई कामावरून येते, दिवा लावते आणि माझ्याजवळ बसते. कधी कधी काही न बोलता माझ्यावर अंगठा दाबते आणि उचलते. खड्डा पडतो. ती बघत राहते. तिचे डोळे भरून येतात. खड्डा भरून येत नाही.